नॉर्वेच्या डोंगरातल्या गावात हिवाळा कसा काढायचा? (हालिंगदालमधून)

उत्तरवारा
१३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी, गेल्या काही दिवसांत दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून साधारण एकच विचारलंय की नॉर्वेत डोंगरात राहता म्हणजे नेमकं राहता कसं, थंडीचं काय, लेकरांचं काय, तर वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथेच धागा काढते म्हणजे बाकीच्यांनाही भर घालता येईल.

आम्ही हालिंगदालमध्ये राहतो, यायलोच्या जवळ, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर. ओस्लो ते बर्गन जी रेल्वे जाते ती याच खोऱ्यातून वर चढते आणि पुढे फिनसेला १२२२ मीटरवर पोचते, तिथे तर गाडीरस्ताच नाही, रेल्वेनेच जायचं. नवरा जलविद्युतच्या कामात, मी कम्यूनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वृद्धाश्रमात काम करते. गावात शेतं, मेंढ्या, स्की करायला येणाऱ्यांची हॉटेलं, आणि ओस्लोवाल्यांच्या ह्युत्ते, म्हणजे सुट्टीत येऊन राहायची लाकडी घरं.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते कारण भारतातून बघताना ती उलटी वाटते. इथला अवघड महिना जानेवारी नाही. अवघड महिना नोव्हेंबर, म्हणजे आत्ता चालू आहे तो. थंडी असते फार तर उणे पाच, पण बर्फ टिकलेला नसतो, जमीन काळी, झाडं काळी, पाच वाजता मिट्ट काळोख, आणि दिवसभर नुसता ओला करडा उजेड. एकदा का बर्फ बसला की सगळं बदलतं. थोडा जरी चंद्र असला, रस्त्यावरचा एखादा दिवा असला तरी बर्फावरून उजेड परत येतो आणि रात्री साडेसातला पायवाट स्पष्ट दिसते. इथली म्हातारी माणसं ऑक्टोबरपासून बर्फाची वाट बघत असतात, आणि वृद्धाश्रमात पहिला बर्फ पडला त्या सकाळी जो आनंद असतो तो मी दर वर्षी बघते. आजी लोक खिडकीशी खुर्च्या ओढून बसतात.

आकडा सांगते म्हणजे कळेल. आम्ही साधारण साडेसाठ अंश उत्तरेला आहोत. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम ६ अंश असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. सहा अंश म्हणजे दक्षिणेला जरा मोठा डोंगर असला की संपलं, त्यामुळे इथे घर घेताना लोक पहिलं विचारतात की डिसेंबरात अंगणात ऊन येतं का. खोऱ्याच्या ज्या उतारावर ऊन येतं तिकडे जुनी शेतं, सावलीच्या बाजूला जंगल, हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

बाकी रोजचं म्हणाल तर ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेने उंच काठ्या रोवतात, वर चमकणारी पट्टी असलेल्या, म्हणजे पुढे बर्फ हटवणाऱ्या ट्रॅक्टरला रस्त्याची कड कळावी. तो ट्रॅक्टर पहाटे चार-पाचला येऊन जातो. घरापर्यंतच्या वाटेसाठी आम्ही एका शेतकऱ्याशी हंगामाचा करार केलाय, दाराजवळचं आणि पायऱ्यांचं मात्र आपण स्वतः, फावड्याने, कामावर जायच्या आधी. बर्फ बसतो नोव्हेंबरच्या शेवटी आणि वितळून जमीन दिसायला मेचा पहिला आठवडा उजाडतो.

विचारा काय विचारायचं ते.

नाशिकची_थंडी
१३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

व्यनि करणाऱ्यांतली एक मीच होते, धागा काढलात त्याबद्दल खूप आभार ताई. नवऱ्याला तुमच्याच भागात काम मिळतंय, जानेवारीत जायचं जवळपास ठरलंय. मुलगी अडीच वर्षांची आहे. नाशिकला पारा आठवर गेला की आम्ही तिला बाहेर काढत नाही आणि तिकडे उणे वीस, माझ्या सासूबाई तर रोज विचारतात की लेकराचं कसं होणार. कपडे इथून घेऊन यायचे का? आणि पाळणाघरात एवढ्या थंडीत मुलांना खरंच बाहेर नेतात का हो?

उत्तरवारा
१३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

अगं ताई नको म्हणूस, आणि सासूबाईंना सांग की काळजी करणं बरोबर आहे पण लेकरू तुमच्या सगळ्यांच्या आधी रुळेल.

हो, खरंच नेतात. बार्नेहागेत, म्हणजे इथल्या पाळणाघरात, मुलं रोज बाहेर असतात, आणि अगदी लहान बाळं दुपारची झोपसुद्धा बाहेर बाबागाडीत घेतात, लोकरीच्या पिशवीत गुंडाळून. बऱ्याच ठिकाणी उणे दहाच्या खाली गेलं की लहानांना आत झोपवतात. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो पण गाल लाल, झोप गाढ, आणि बंद खोलीत एकमेकांवर शिंकत बसण्यापेक्षा सर्दीही कमी पसरते असं इथल्या लोकांचं ठाम मत आहे.

कपड्यांचं नीट वाच. अंगाला लागून सुती काहीही नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच ओलावा अंग गार करतो. आतला थर मेरिनो लोकरीचा, पातळ, अंगाला चिकटून बसणारा. त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस. आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा एकसंध सूट, पायापासून मानेपर्यंत एकच चेन. हातात बोटांचे ग्लोव्हज नको, चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन, आणि तेही दोन जोड, आत लोकरीचा नि वर वॉटरप्रूफ. मानेला मफलर न गुंडाळता गळ्यातून घालायची लोकरीची नळी मिळते ती घे, खेळताना मफलर कुठे अडकला तर गळ्याला फास बसतो म्हणून बार्नेहागेत तो चालत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव. तिथे गरम हवेचं कपाट असतं, ओले कपडे त्यात टांगतात आणि तासाभरात कोरडे.

नाशिकहून जाकीट घेऊन येऊ नकोस, पैसे वाया जातील. इथे वापरलेले कपडे विकायची मोठी पद्धत आहे, मुलांचे सूट एक हंगाम वापरून निघतात, एकदम चांगल्या अवस्थेत. आणि बूआ म्हणून संस्था आहे, तिची केंद्रं खूप कम्यूनमध्ये आहेत, तिथे स्की, स्केट, घसरगाड्या, हेल्मेट सगळं फुकट उसनं मिळतं. पहिल्या वर्षी काहीही विकत घेण्याआधी तिथे जा.

मिसिसिपीकाठी
१४ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

छान धागा! मिनेसोटातून लिहितोय, आमच्याकडेही उणे तीस बघायला मिळतं त्यामुळे थंडीचं अप्रूप नाही पण जीवनशैली वेगळी वाटली. आमच्याकडे गरम घर, गरम गराज, गरम गाडी, गरम ऑफिस, मिनिआपोलिसच्या मध्यभागी तर इमारती काचेच्या पुलांनी जोडलेल्या आहेत, अख्खा जानेवारी बाहेरची हवा न लागता काढणारे लोक मला माहीत आहेत. तुमच्याकडे लोक चालतात बाहेर असं दिसतंय. वाऱ्याचं काय? आमच्याकडे खरा मार वाऱ्याचा, मैदानी प्रदेश असल्याने अडवायला काही नाही.

उत्तरवारा
१४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

खोऱ्यात वारा फार नसतो, आणि म्हणूनच थंडी वेगळ्या तऱ्हेने वागते. वारा नसला, आकाश निरभ्र असलं की रात्री थंड जड हवा उतारावरून खाली सरकून खोऱ्याच्या तळाशी साचते. मग तळाला उणे पंचवीस आणि तीनशे मीटर वर स्कीच्या उतारांवर उणे दहा. लिफ्टने वर गेलं की ऊब लागते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. र्‍योरोसला, म्हणजे जुन्या तांब्याच्या खाणींचं गाव जे १९८० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथे १९१४ साली उणे ५० च्या खाली पारा गेल्याची नोंद आहे, आणि तरीही त्या गावात फेब्रुवारीतली जत्रा १८५४ पासून भरत आलीये, लोक घोड्यांच्या घसरगाड्या घेऊन लांबून येतात.

आणि चालणं म्हणाल तर हो. म्हाताऱ्या बायका तर स्पार्क घेऊन दुकानात जातात, म्हणजे लांब पोलादी पट्ट्यांवर एक खुर्ची बसवलेली असते, मागे उभं राहून एका पायाने ढकलत जायचं, खुर्चीवर सामान नाहीतर नातवंड. डोंगरातल्या गावांत गल्लीबोळांत मीठ टाकत नाहीत, उणे दहाच्या खाली ते तसंही नीट काम करत नाही, त्यामुळे रस्ता पांढरा घट्ट दाबलेला राहतो आणि स्पार्क सुरेख चालते. ऐंशीच्या पुढची माझी शेजारीण रोज तिच्यावरून दुकानात जाते, ती उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त हिंडते.

भीती बाळगावी ती निसरड्या बर्फाची. मध्येच दोन दिवस पारा शून्याच्या वर जातो, पाऊस पडतो, आणि रात्री परत गोठतं. त्या दिवशी अख्खं गाव काचेचं होतं. बुटांना खाली खिळ्यांची रबरी पट्टी लावतात, ब्रॉडर म्हणतात, ती पिशवीत कायम असू द्या. आमच्या वृद्धाश्रमात मनगट आणि खुबा मोडून येणारे बहुतेक त्याच दिवसांतले.

चाकोरीबाहेर
१४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी वॉसला असतो (बर्गनकडच्या बाजूला), कामासाठी हार्डांगरविद्दाच्या उंच पठारावरून सात नंबरच्या रस्त्याने नेहमी ये-जा असते तर गाडीचं मी लिहितो.

टायर हिवाळी हवेत, खिळ्यांचे किंवा बिनखिळ्यांचे मऊ रबराचे, नक्षीची खोली कमीत कमी ३ मिलिमीटर हा कायदा आहे. खिळ्यांचे टायर दक्षिण नॉर्वेत १ नोव्हेंबर ते ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत चालतात. डोंगरात राहणार असाल तर खिळ्यांचेच घ्या, शहरवाले काही म्हणोत, बर्गन-ओस्लोत त्यांच्यावर वेगळी फी भरावी लागते कारण डांबर घासून धूळ होते, पण वितळून गोठलेल्या चढावर दुसरं काही धरत नाही.

मुख्य सांगायचं ते ताफ्याबद्दल. वादळ असलं की घाटमाथ्यावरचा रस्ता पूर्ण बंद न करता फाटकापाशी गाड्या थांबवतात, पुढे बर्फ हटवणारी मोठी गाडी, मागे ओळीने मोटारी, शेवटी परत त्यांची एक गाडी, असं सगळ्यांना एकत्र पलीकडे नेतात. फाटकापाशी दोन दोन तास थांबावं लागतं आणि कधी मधेच रद्द होतं, मग आल्या वाटेने मागे. तेव्हा टाकी भरलेली, गाडीत स्लीपिंग बॅग नाहीतर जाड गोधडी, थर्मासमध्ये चहा, खायला काहीतरी, टॉर्च, फावडं, आणि प्रत्येकाचे पूर्ण बाहेरचे कपडे हाताशी, डिकीत नाही. फाटकावरचा माणूस बघतो, नुसत्या शर्टावर बसलेल्याला तो जाऊ देणार नाही आणि ते बरोबरच आहे. वर गेल्यावर पुढच्या गाडीचे मागचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, आणि काहीही झालं, कितीही वेळ थांबावं लागलं तरी गाडीतून उतरून चालायला लागायचं नाही. पांढऱ्या वादळात पाच पावलांवरची गाडी परत सापडत नाही. रस्ता चालू आहे का हे १७५ ला फोन करून कळतं.

इलेक्ट्रिक गाडी असेल (इथे नवीन गाड्यांत जवळपास सगळ्या त्याच विकल्या जातात आता) तर थंडीत पल्ला बराच कमी होतो हे धरून चला, आणि निघायच्या आधी चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून घ्या. हार्डांगरविद्दा चढताना मी अर्ध्याच्या खाली कधी निघत नाही.

सह्याद्रीवेडा
१४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

चाकोरीबाहेर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आम्ही ट्रेकला जाताना हवामान बघायला यूर वापरतो, ते नॉर्वेचंच ना? भीमाशंकरच्या पावसाचा अंदाजसुद्धा त्यावर बरा मिळतो.

चाकोरीबाहेर
१४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५५

हो, नॉर्वेची हवामान संस्था आणि एनआरके (इथली सरकारी रेडिओ-टीव्ही संस्था) यांनी मिळून २००७ साली सुरू केलंय आणि जगभरासाठी फुकट आहे. इथे माणूस सकाळी उठला की आधी यूर बघतो. डोंगरात जाणारे वारसोम पण बघतात, तिथे हिमकडे कोसळण्याचा धोका रोज १ ते ५ च्या मापावर देतात. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण ३ ला खूप अपघात होतात, तीव्र उतारांपासून लांबच राहायचं.

भाकरतुकडा
१४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळे थंडीवर बोलताहेत, मला जेवणाचं सांगा. मी स्टावांगरला होते दोन वर्षं पण तिथे बर्फ नावालाच, समुद्रकाठ. डोंगरातल्या गावात किराणा काय मिळतो? इडलीचं पीठ आंबतं का?

उत्तरवारा
१४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आंबतं आणि फार छान आंबतं! इथल्या बाथरूमच्या फरशीखाली गरम तारा असतात. भांडं फडक्यात गुंडाळून रात्री त्या फरशीवर कोपऱ्यात ठेवायचं, सकाळी पीठ झाकण वर उचलून बसलेलं असतं. दहीही तिथेच लावते. नॉर्वेत राहणाऱ्या माझ्या सगळ्या भारतीय मैत्रिणी असंच करतात.

गावात दोन सुपरमार्केटं, रविवारी बंद. बटाटे, गाजर, कोबी, कांदा, नवलकोल हे भरपूर आणि चांगलं. लाल मसूर मिळतो, बेसन-नाचणी-ज्वारी नाही. ते आम्ही ओस्लोला ग्रोनलांड भागातल्या दुकानांतून तीन-चार महिन्यांचं एकदम भरतो, रेल्वेने, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. कढीपत्ता, हिरवी मिरची, खवलेलं खोबरं फ्रीजरमध्ये. तूप घरी कढवते, इथलं लोणी उत्तम आहे. आणि वेलची मात्र कुठेही मिळते कारण इथल्या गोड पावात वेलची असतेच, पहिल्यांदा बेकरीत शिरले आणि तो वास आला तेव्हा मला श्रीखंडाची आठवण येऊन रडू आलं होतं.

लेफ्से म्हणून बटाट्याची पातळ पोळी करतात, मोठ्या गोल सपाट तव्यावर, खाचांचं लाटणं आणि उलटायला लांब लाकडी पट्टी. शेजारणीकडे नाताळच्या आधी बायका जमून डझनावारी लाटतात. मी पहिल्या वर्षी बसले आणि माझ्या हाताला ते जमलं, पुरणपोळी लाटायची सवय होतीच, तेव्हापासून मला दर डिसेंबरात बोलावणं येतं. भाषा येत नसताना मला या गावात बसायला जागा मिळाली ती त्या लाटण्यामुळे.

नाशिकची_थंडी
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

हे वाचून खूप धीर आला ताई. घराचं पण सांगा ना. आम्हाला जुनं लाकडी घर भाड्याने मिळतंय, गावापासून थोडं वर. लाकडाची शेगडी आहे म्हणे. विजेचं बिल, पाण्याचे पाइप, काहीच कल्पना नाही.

उत्तरवारा
१५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

शेगडी आहे हे फार चांगलं. डोंगरात वादळाने वीज जाते, तेव्हा तीच कामाला येते. हवेतून ऊब घेणारा हीट पंप बहुतेक घरांत असतो आणि तो किफायतशीर आहे, पण ऐन उणे पंचवीसला त्याचा दम संपतो, तेव्हाही शेगडीच.

लाकडं बर्चची घ्या, निदान एक उन्हाळा वाळलेली. पोत्यांतून विकत मिळतात, मोठं हवं असेल तर शेतकरी ट्रॉलीने आणून टाकतो. पेटवायची रीत इथे वरून आहे: खाली मोठे ओंडके, त्यावर बारीक काटक्या, आणि पेटवायचं सगळ्यात वर. आपल्या चुलीला अगदी उलट. ज्वाळा वर असल्याने खालून निघणारा धूर जळून जातो, काच काळी होत नाही आणि धुराड्यात काजळी कमी बसते. धुराडं तपासायला कम्यूनचा माणूस येतो, त्याला विचार तो सगळं दाखवेल. राख धातूच्या झाकणाच्या डब्यात काढायची आणि घराबाहेर ठेवायची, तिच्यात निखारे दिवसभर जिवंत राहतात.

वीज. २०२१ पासून दक्षिण नॉर्वेत दर फार चढउतार झाले. आता ऑक्टोबर २०२५ पासून घरांसाठी ठरावीक दराचा सरकारी पर्याय आलाय, युनिटला करासकट ५० ओरे (म्हणजे अर्धा क्रोन), त्यावर वीज वाहून आणण्याचं भाडं वेगळं. घरमालकाला विचारून घ्या कोणता करार आहे.

पाइप. जमिनीखालचे पाइप खोल पुरलेले असतात, पण जिथे घरात शिरतात ती जागा नाजूक. गंमत बघ, इथेही बर्फच मदतीला येतो. जमिनीवर मीटरभर बर्फ असला की खालची जमीन उबदार राहते. बर्फ पडायच्या आधीच कडाका आला, नुसती उघडी जमीन आणि उणे वीस, की गावात पाइप गोठायला लागतात. अशा रात्री स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी. घराभोवती पायाशी साचलेला बर्फ कधी उपसून टाकू नका, तो भिंतीला ऊब देतो.

छपराचा बर्फ मात्र बघावा लागतो. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास असतो, तोच महिनाभर दबला की ३००-४०० किलो. फेब्रुवारीत पाऊस शोषून घेतला की आणखी जड. जुन्या घरांचे वासे करकरायला लागतात, दारं चौकटीत अडकायला लागतात, ती खूण. उपसताना दोन्ही उतारांवरून थोडा थोडा काढायचा, एका बाजूचा सगळा काढला तर भार तिरका होतो. दोर बांधून चढायचं, खाली कोणी थांबायचं नाही. भाड्याचं घर आहे तर हे मालकाचं काम, पण मालक ओस्लोत राहत असेल तर आधीच ठरवून घ्या कोण करणार.

आणि शेजाऱ्यांची ओळख पहिल्या आठवड्यात करून घ्या. स्वतः दार वाजवा, ते येणार नाहीत, त्यांना वाटतं आपण त्रास देतोय. पण एकदा ओळख झाली की बघ. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघंही तापाने पडलो होतो, सकाळी समोरचे आजोबा दारात, म्हणाले तुमच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. लाकडं आत आणून दिली, शेगडी पेटवली, वाट साफ केली आणि चहालाही न थांबता गेले. त्यांच्या बायकोने दुपारी सूप पाठवलं.

सावलीतलं_गाव
१५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मी र्‍यूकानला काही वर्षं होतो, टेलेमार्कमध्ये. उजेडाचा विषय निघालाय तर त्या गावाबद्दल लिहायलाच हवं. अरुंद खोल खोरं, बाजूला गाउस्ताटॉपेन डोंगर १८८३ मीटरचा, आणि सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात थेट ऊन येतच नाही. दिवस असतो, आकाश निळं असतं, समोरच्या कड्याच्या माथ्यावर सोनेरी ऊन दिसतं, पण ते खाली उतरत नाही. माझ्यासाठी थंडीपेक्षा ते जड होतं.

असं गाव वसवलंच का? तर धबधब्यासाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्स्क हायड्रो कंपनीने तिथल्या पाण्यावर वीज करून खत बनवायचा कारखाना काढला, वेमोर्कचं वीजघर १९११ चं, त्या काळी जगातलं सगळ्यात मोठं. माणसं आली, शाळा-घरं झाली, आणि मग लक्षात आलं की अर्धं वर्ष सगळे सावलीत आहेत. १९१३ सालीच स्थानिक पेपरात कल्पना छापून आली होती की डोंगरावर आरसा लावून ऊन खाली पाडावं. तेव्हा ते तंत्र नव्हतं. म्हणून कंपनीने १९२८ साली गावाला रोपवे बांधून दिला, क्रोसोबानेन, केवळ यासाठी की लोकांनी वर जाऊन ऊन घ्यावं. एक पाळणा लाल आणि एक निळा, त्यांना तिथल्या रानातल्या बेरींची नावं आहेत.

आणि मग शंभर वर्षांनी आरसे झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये, एका कलाकाराने पाठपुरावा करून. गावाच्या ४५० मीटर वर तीन आरसे, प्रत्येकी १७ चौरस मीटरचे, संगणकावर सूर्याच्या मागे वळतात आणि चौकात साधारण ६०० चौरस मीटरचा उन्हाचा तुकडा पाडतात. गावात यावर बराच वाद झाला होता, पैसे शाळांवर खर्च करा म्हणणारे होते, मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटायचंही. पण जानेवारीत दुपारी त्या चौकात बाकावर म्हातारीकोतारी, बाबागाड्या, कारखान्यातली माणसं, सगळी एका दिशेने तोंड करून डोळे मिटून बसलेली मी बघितली आहेत, मीही बसलोय. गावाने एकत्र येऊन थांबायची जागा मिळाली ती त्या उन्हामुळे, आणि एवढ्यासाठी तो खर्च योग्य होता असं माझं आजचं मत आहे.

नाशिकची_थंडी, मनाचं सांगतो. उजेड कमी झाला की झोप जास्त येते, गोड खावंसं वाटतं, कोणाला भेटू नये वाटतं. हे आळस नाही, शरीर उजेड मागतं. रोज बारा ते एकच्या मध्ये बाहेर पडायचं, ढगाळ असलं तरी, ढगाळ दुपारचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी अर्धा तास मोठ्या प्रकाशाच्या दिव्यासमोर बसणारे बरेच आहेत. ड जीवनसत्त्व घ्यायचंच, इथले लोक काॅड माशाच्या तेलाचा रोज एक चमचा घेतात, शाकाहारी असाल तर गोळी. आपल्या सावळ्या त्वचेला जास्त ऊन लागतं त्यामुळे पोचल्यावर डॉक्टरकडून रक्त तपासून घ्या. आणि दोन आठवडे सतत उदास वाटलं तर डॉक्टरांना मोकळं सांगायचं, इथे त्यात कोणाला नवल वाटत नाही.

भाकरतुकडा
१५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सावलीतलं_गाव, किती सुंदर लिहिलंत. तो चौक डोळ्यांसमोर आला.

ओस्लोकर
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

थोडं वेगळं मांडतो. या धाग्यात हिवाळा फार भरवशाचा दिसतोय, तो तसा राहिलेला नाही. ओस्लोत मी आलो तेव्हा डिसेंबर ते मार्च बर्फ गृहीत धरायचे, आता जानेवारीत पाऊस आणि चिखल हे नेहमीचं झालंय, शहराच्या कडेच्या जंगलात स्कीच्या वाटांवर यंत्राने बनवलेला बर्फ पसरतात. आठशे मीटरवर तुम्हाला अजून जाणवत नसेल पण खाली हे चाललंय.

उत्तरवारा
१६ नोव्हेंबर, दुपारी १:०५

जाणवतंय ओस्लोकर. आमच्याकडे बर्फ भरपूर पडतो अजून, पण भर जानेवारीत मध्येच पाऊस येतो तो पूर्वी नव्हता असं सगळे जुने लोक सांगतात, आणि पाऊस आला की मी वर लिहिलंय ते काचेचं गाव, गोठलेले थर, मग म्हाताऱ्यांना त्रास. वृद्धाश्रमातले एक आजोबा आयुष्यभर रस्ते साफ करायचे, ते खिडकीतून पाऊस बघताना अस्वस्थ होतात. मला त्यांच्याकडे बघून या बदलाची काळजी वाटते, आकडे बघून वाटते त्याहून जास्त. हिवाळा नीट थंड असेल तर इथे जगणं सोपं असतं, मी धाग्यात तेच सांगायचा प्रयत्न करतेय.

सह्याद्रीवेडा
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

ईस्टरला तिकडे सगळे डोंगरात जातात म्हणे? स्की शिकायला किती वेळ लागतो?

चाकोरीबाहेर
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१५

सपाटीवरचं स्की दोन-तीन आठवडाअखेरीत चालण्याइतपत येतं, पडत पडत. मुलं तिसऱ्या वर्षी सुरू करतात. टेलेमार्क हा तर त्या खेळाचा पाळणा, मोर्गेदालचा सोंद्रे नोरहाईम (१८२५ ते १८९७) याने टाचेभोवती बांधणी आणून वळणं घ्यायची रीत बसवली.

ईस्टर म्हणजे मात्र बक्षीस आहे. मार्च-एप्रिल, दिवस लांब, बर्फ अजून दीड मीटर, आणि वर कडक ऊन. लोक ह्युत्तेत जातात, दुपारी बर्फात खड्डा करून त्यावर कातडं टाकून बसतात, संत्री, चॉकलेट, रहस्यकथा. चेहरे भाजून निघतात, सनस्क्रीन आणि काळा चष्मा विसरू नका, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना इजा करतं.

पण हवा तासाभरात फिरते. १९६७ च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरांत १८ जणांचा जीव गेला, त्यानंतर डोंगरात कसं वागायचं याचे नऊ नियम घरोघर पोचवले गेले. आठवा नियम सगळ्यांना पाठ असतो, वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात कमीपणा नाही. आपल्याकडचे ट्रेकर इथे येतात तेव्हा सुट्टीचे दिवस मोजके, तिकिटं काढलेली, त्यामुळे पुढेच जायचा हट्ट असतो. त्यांना मी हे आधी सांगतो.

नाशिकची_थंडी
१७ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा अख्खा धागा आज सासूबाईंना वाचून दाखवला. त्या धुराड्याच्या आजोबांपाशी आल्यावर म्हणाल्या, जा मग, माणसं आहेत तिथे. तिकिटं काढली, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, संक्रांत तिकडेच. तिळगूळ करून आणतेय. फक्त एक राहिलं, बूट इथून घ्यायचे की तिथे? आणि मुलीचे कोणत्या मापाचे?

उत्तरवारा
१७ नोव्हेंबर, रात्री ९:३५

बूट इथेच घ्या. आतला लोकरीचा भाग बाहेर काढून वाळवता येतो असे. मोठ्यांना एक नंबर मोठा, म्हणजे जाड मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत, बोटं हलली नाहीत की रक्त फिरत नाही आणि कितीही महाग बूट असला तरी पाय गार पडतो. मुलीच्या पावलाची लांबी कागदावर आखून सेंटिमीटरमध्ये मोज आणि त्यात दीड सेंटिमीटर मिळव, तो आकडा मला व्यनि कर. बूआमधून बूट आणि एक सूट आधीच आणून ठेवते, म्हणजे स्टेशनवर उतरल्यावर तिथल्या प्रतीक्षालयातच तिला घालता येईल. गाडीत तिला मेरिनोचा आतला थर आणि दोन मोजे घालून बसव, तेवढं ओस्लो विमानतळावर मिळतं. येताना हळदीकुंकवासाठी थोडं वाण आणलंस तर इथल्या लेफ्से लाटणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावू.